काच काढायची असते

दिवाळे कोळीवाड्याखाली ओहोटीला चिखल उघडा पडतो.
आय तिथे तिसऱ्या वेचायला उतरायची.
चिखल सगळं पोटात घेऊन गप्प बसतो,
बाटल्या, ट्यूबलाइटी, औषधाच्या कुप्या,
आणि बरोबर टाचेखालीच बोलतो.

संध्याकाळी ओट्यावर पाय, सुईचं टोक दिव्यावर लाल.
"हालू नको रं," ती मला म्हणायची.
पाय तिचा. मी फक्त टॉर्च धरलेला.
काच सापडली की नखावर ठेवून दाखवायची,
मिठाच्या खड्याएवढी.
आमच्या घरचं काचेबद्दलचं शास्त्र एवढंच होतं:
आत गेली की काढायची.

मग मी रबाळ्याला भट्टीवर लागलो.
पत्र्याची शेड, आत तेराशे ऐंशी अंश.
पिठासारखी दळलेली वाळू, सोडा, चुना,
आणि थोडंसं फॉस्फेट,
"आमटीत मीठ तेवढं," वर्गीस साहेब पहिल्या दिवशी म्हणाले,
"त्या चिमटीतच हाड आहे."
मूस प्लॅटिनमची.
शिफ्ट सुरू होताना तिचं वजन, सुटताना वजन.
माझं कधी कुणी केलं नाही.

रस थंड पाण्यात ओतला की किंचाळतो.
दुसरा शब्द नाही त्याला.
तडकून खडे होतात, मग गिरणी, मग चाळण्या.
खिडकीची काच शंभर पावसाळे तशीच उभी राहते;
ही उभं राहणाऱ्यातली नव्हे.
रक्त लागलं की थोडी थोडी विरघळते,
अंगावर चुनखडीसारखा पापुद्रा धरते,
आणि हाड आंधळ्यासारखं चाचपडत येतं,
हात लावून बघतं,
आपल्यातलंच कुणी समजून तिथेच राहतं.
हे मी ट्रेनिंगच्या फळ्यावरून उतरवून घेतलं होतं.
पाठ होतं, म्हणजे कळलेलं नव्हतं.

चाळीस वर्षांच्या मिश्रीने आयचे दात हलायला लागले.
नेरुळच्या डेंटल कॉलेजात डॉक्टर नफिसा मुकादमांनी
एक्स-रे खिडकीकडे धरला.
दाढांच्या मुळाशी काळं,
उधाणाने बांध खाल्ल्यासारखं.
"इथे पावडर भरू. काचच असते एक प्रकारची."

आयने डॉक्टरांना सोडून माझ्याकडे पाहिलं.
"काच काढन्यान जलम गेला माजा,
न आता भरताव?"
मी म्हटलं, आये, ती मीच बनवतो.
बारा वर्षं तिला वाटत होतं, पोरगा बाटल्यांच्या कंपनीत आहे.
"मंग आदी नाय सांगाचं?" म्हणाली
आणि तोंड उघडलं.

मला दाराशी उभं राहू दिलं.
वाटीत पांढरी पूड, सलाईनचे थेंब,
चमच्याच्या टोकावर ओल्या वाळूचा गोळा.
मी डबीवरचा लॉट नंबर वाचायला वाकलो.
शेवटचे तीन आकडे नर्सच्या अंगठ्याखाली.
अंगठा काढा म्हणायला जीभ उचलली नाही.
पण सहा महिने रात्रपाळीत
मी ते तीन आकडे भरून बघत होतो:
गणपतीच्या आठवड्यातला घाण असेल का,
की गिरणीचा पट्टा तुटला होता त्या दिवशीचा.
त्या सहा महिन्यांत चाळणी मी दोनदा धुतली,
एकदा पुरत असताना.

दुसऱ्या एक्स-रेत काळ्याचं करडं झालं होतं.
मागची दाढ नाही वाचली, ती काढली.
पुढच्या दोघी धरून आहेत.
डॉक्टर म्हणाल्या, "काच आता शोधूनही नीट सापडायची नाही."
आय त्या दोघींनी कुरलीची नांगी फोडते,
नको सांगितलेलं असताना.

परवा पुन्हा टाचेत गेली.
ओटा, सुई, टॉर्च. आता माझाच हात थरथरतो.
निघाली. हिरवी, बाटलीची.
तिने नखावर ठेवली, दिव्याकडे धरली,
बराच वेळ धरली.
"ही चालंल का रं तुमाला?"

नाय आये, मी म्हटलं. ही नुसतीच काच.

तिने ती पत्र्याच्या डब्यात टाकली.
टण्णकन वाजली.
"बिचारी," म्हणाली,
आणि पायाला हळद लावायला घेतली.